परसातली द्राक्षवेल

मी काही शेतकरी नव्हे. कॉलेजात भाषा शिकवणारा मास्तर. पण नाशिकला आमच्या घरामागे थोडंसं परस आहे आणि त्यात एक द्राक्षवेल आहे. तिनं मला जे धडे दिले, तेच आज आपल्याला सांगणार आहे.

वेल लावली ती आईच्या हौसेनं. तीन वर्षांत ती मांडवभर पसरली, पण द्राक्षाचा एक मणी दिसेना. आई म्हणायची, "नुसतीच माजलीय मेली!" शेवटी ओळखीचे एक बागाईतदार येऊन बघून गेले. म्हणाले, "सर, वेल उत्तम आहे. पण तुम्ही तिला छाटली कधी?" मी म्हटलं, "हिरवीगार वेल कापायची?" ते हसले आणि म्हणाले, "न कापाल तर पानंच खाल!"

त्यांनी सांगितलं त्यातलं मर्म असं. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे तशी कडक थंडी नाही, म्हणून माणसानं तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी. तीत जुन्या काड्या ओलांड्याजवळ एकेक डोळा राखून काढायच्या. त्यातून नव्या काड्या फुटतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. तीत पिकून तपकिरी झालेल्या काड्या बेतानं छाटायच्या. थॉमसनसारख्या जातीत फळाचा डोळा काडीवर जरा वरच्या बाजूला असतो, म्हणून तिथं फार आखूड छाटू नये. मग घड येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकतात.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. ऑक्टोबरनंतर दिसणारा घड त्या डोळ्यात तयार होतो तो उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत! त्या वेळी काडीला ऊन मिळालं, तर डोळ्यात घड धरतो. पानांच्या गर्दीत काडी दडून राहिली, तर नुसती पानं किंवा बाळी निघते. आमच्या मांडवावर शेजारच्या कडुनिंबाची सावली पडत होती, आणि काड्यांची दाटी तर विचारूच नका. निंबाच्या दोन फांद्या उतरवल्या, वेलीच्या काड्या विरळ केल्या. पुढच्या हंगामात चाळीस घड लागले. आई रोज सकाळी ते मोजायची.

दुसरा धडा मात्र महागात पडला. त्यानंतरच्या वर्षी घड फुलोऱ्यात असताना आभाळ आलं, दोन दिवस पाऊस झाला. पानांवर तेलाचे थेंब पडावेत तसे पिवळे डाग दिसले. पान उलटून पाहिलं तर खाली पांढरी लव. हा केवडा. माझ्यापुढे पेपरांचे गठ्ठे होते. म्हटलं, रविवारी बघू. रविवारपर्यंत घड तपकिरी होऊन वाळले. आई काही बोलली नाही. त्या वर्षी तिनं घड मोजले नाहीत, एवढंच.

म्हणून मंडळी, रोग ओळखायला शिका. केवड्याला पान ओलं लागतं. भुरीला ते लागत नाही; पानावर, मण्यावर राख उधळल्यासारखी ती दिसते आणि मणी तडकतात. भुरीवर गंधक चालतं, मात्र कडक उन्हात ते मारू नये, पानं करपतात. केवड्यावर बोर्डो मिश्रण. पण ते रोग दिसण्याआधी, आभाळ भरून येताच मारायचं. रोग आत शिरल्यावर त्याचा फारसा उपयोग नाही.

या मिश्रणाची कथा गमतीची आहे. फ्रान्समधल्या बोर्दोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर चोरट्यांना भिववण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडत. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना दिसलं, की नेमक्या त्याच वेलींवर रोग नाही. तीन वर्षांच्या प्रयोगांनंतर, 1885 मध्ये त्यांनी ते जगाला सांगितलं.

घरी दहा लिटर करायचं असेल तर शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना विरवून दुसऱ्या पाच लिटर पाण्यात, असे वेगवेगळे कालवा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची नकोत. दोन्ही पाणी एकत्र ओतताना ढवळत राहा. मग घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, थोडा आणखी घाला. गाळून त्याच दिवशी वापरा. पालवी कोवळी असेल तर दोन्ही वस्तू निम्म्याच घ्या. आणि पोरंबाळं परसात खेळतात, हे विसरू नका. घडात पाणी भरू लागलं की फवारणी थांबवा, द्राक्षं धुऊनच खा.

नवीन वेल लावणाऱ्यांनी डॉगरिज खुंटावरचं कलम घ्यावं. पाण्याची ओढ आणि खारवट जमीन ते बरंच सोसतं. काही हौशी मंडळी वाइनच्या शिराझ, शेनिन ब्लां अशा जाती विचारतात. त्या आपल्याकडे येतात. पण मणी लहान, साल जाड, आत बिया. शिवाय आपल्या राज्यात परवान्यावाचून घरी मद्य करता येत नाही. तेव्हा परसात खाण्याचीच जात बरी.

शिक्षकमित्रांना एक विनंती. शाळेच्या आवारात एक वेल लावा. एप्रिलमध्ये मुलांच्या हाती कात्री द्या. आज काडीवर पडलेल्या उन्हाचं फळ पुढच्या वर्षी हाती येतं, हे पुस्तकातून सांगावं लागणार नाही.

आमच्या वेलीला पुन्हा घड लागले आहेत. आभाळ भरून आलं, की आता पेपर बाजूला राहतात. आणि आई पुन्हा मोजू लागली आहे.