फांदीवरचा हमिंगबर्ड



पुण्या-नाशिकच्या बागेत हमिंगबर्ड पाहिल्याचं मला पुष्कळ जण सांगतात. त्यांनी पाहिलेला पक्षी बहुधा शिंजीर असतो, आणि तिन्हीसांजेला सदाफुलीवर काही भिरभिरताना दिसलं असेल तर तो हॉकमॉथ जातीचा पतंग. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीच. अलास्कापासून थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत त्याच्या साडेतीनशेच्या वर जाती आहेत, पण त्या प्रदेशाबाहेर एकही नाही. त्याची खरी भावकी पाकोळ्यांशी. शिंजिराशी नातं आहे ते फक्त मधाच्या ओढीचं.

मात्र आता आपल्यातले कितीतरी आईवडील लेकीसुनांकडे अमेरिकेत महिनोन् महिने राहून येतात. दुपारी घरात कोणी नसतं, मागच्या दारी हिरवळ असते आणि नातवाचा कॅमेरा कपाटात पडून असतो. आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी. माझी लेक न्यू जर्सीत राहते, आणि तिच्या बागेत हा पक्षी टिपण्याचा नाद मला लागला तो लागलाच.

अमेरिकेच्या त्या पूर्व भागात घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. पाठ हिरवी, पोट पांढरं, आणि नराच्या गळ्यावर लालभडक पट्टा. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे आपल्या एक रुपयाच्या नाण्याहूनही कमी. एवढासा जीव हिवाळा काढायला मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत जातो, आणि त्यांतले पुष्कळ जण मेक्सिकोच्या आखाताचं सुमारे ८०० किलोमीटरचं पाणी एका दमात ओलांडतात. न्यू जर्सीत तो एप्रिलच्या अखेरीला येतो.

त्याचा फोटो म्हटलं की प्रत्येकाला हवे असतात हवेत गोठलेले पंख. या हौसेला मोठी परंपरा आहे. एमआयटीतले हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात विजेच्या क्षणभराच्या लखलखाटाने असे पंख थांबवून दाखवले. पुढे क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट या गृहस्थांनी, जे ड्यूपाँ या बलाढ्य कंपनीचे अध्यक्ष होते, फावल्या वेळात हमिंगबर्डच्या मागे फिरून काढलेल्या फोटोंचं देखणं पुस्तक १९६० साली प्रसिद्ध झालं.

यातलं गणित सोपं आहे. रुबी-थ्रोटेड सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख मारतो. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलं, तरी तेवढ्यात पंखाच्या फेऱ्याचा चाळिसावा हिस्सा उरकलेला असतो आणि टोकं पुसट येतात. ती टोकं धरायची तर फ्लॅश लागतो, आणि तोही कमी ताकदीवर. ताकद सोळाव्या-बत्तिसाव्या हिश्श्यावर आणली की त्याचा लखलखाट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. पण मग उजेड पुरत नाही, म्हणून एकाऐवजी चार फ्लॅश लावायचे. सूर्यप्रकाश मध्ये आला तर पुसटपणा परत येतो, म्हणून फूल सावलीत आणायचं. फ्लॅशचा उजेड मागच्या झाडांपर्यंत पोचत नाही, म्हणून फुलामागे रंगीत फळी उभी करायची. फोटो अप्रतिम येतो. पिसं एकेक मोजून घ्यावीत. पण त्यात ती बाग उरत नाही, ती सकाळ उरत नाही, आणि माझ्या मते पक्षीही अर्धाच उरतो. पुसट पंखांचा, खऱ्या उन्हातला फोटो मला अधिक खरा वाटतो.

त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच आहे. हा पक्षी सतत उडत असतो ही आपली समजूत, पण दिवसाचा बराचसा वेळ तो बसलेला असतो. विशेषतः नर. फुलं किंवा साखरपाण्याचा फीडर नजरेच्या टप्प्यात राहील अशी एखादी उघडी, वाळकी काडी तो निवडतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच येतो. दुसरा कोणी मधाकडे वळला की बाणासारखा सुटतो, त्याला हुसकावतो, आणि परत त्याच काडीवर. ती काडी सापडली की निम्मं काम झालं. ऊन आपल्या पाठीवर येईल असं बसायचं, तीनशे-चारशे मिलिमीटरची लेन्स त्या काडीवर लावून ठेवायची आणि हालचाल करायची नाही. माणसाला तो फारसा बुजत नाही. चार-पाच मीटरवरून सहज काम होतं.

मग जे दिसतं ते फुलापाशी कधी दिसत नाही. चोच तो काडीला आधी एका बाजूने पुसतो, मग दुसऱ्या. एक पंख आणि त्याच बाजूची शेपूट ताणून आळस देतो. पाय पंखावरून वर काढून डोकं खाजवतो. मध्येच चोचीतून पारदर्शक, धाग्यासारखी जीभ बाहेर येते, तिला टोकाशी दोन फाटे असतात. आणि गळा! तो काळाच दिसत असतो, अगदी कोळशासारखा. मान तुमच्याकडे वळते आणि तो काळा पट्टा एकदम लाल पेटतो. मान जराशी फिरली की पुन्हा काळा. त्या पिसांत लाल रंगद्रव्य नाहीच. पिसांच्या अतिसूक्ष्म थरांवरून उजेड ठरावीक दिशेनेच परततो, त्याचा तो खेळ. म्हणून त्या लाल गळ्यासाठी कॅमेरा कितीचा आहे यापेक्षा आपण कुठे बसलो आहोत हे महत्त्वाचं. आपल्या नर शिंजिराचा जांभळा-निळा झळाळही याच जातीचा. इकडे बागेत तो टिपणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

पक्षी बागेत यावा म्हणून काय करावं? फीडरमध्ये एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी, बस्स. लाल रंग घालू नये, मध तर मुळीच नको, त्यात बुरशी धरते. कडक उन्हात हे पाणी दर दोन दिवसांनी बदलावं. पण मला विचाराल तर मी फुलंच लावीन: कोरल हनीसकलचा वेल, बी-बाम, ओलसर जागी कार्डिनल फ्लॉवर. आणि कीटकनाशक अजिबात नको, कारण हा पक्षी बारीक किडे आणि कोळीही खातो. पिल्लांना तर तेच भरवतो. घरटंही कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, बाहेरून दगडफुलाचे तुकडे चिकटवलेलं असतं. ते सापडलंच तर त्याच्या जवळ जाऊन फोटो काढू नये, एवढं मी कळकळीने सांगते. मादी एकटीच पिल्लं वाढवते; तिला हुसकावून मिळणारा फोटो नकोच.

जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट गाठा. नव्या पिल्लांची भर पडून तेव्हा गर्दी सर्वांत जास्त असते. ऑगस्टातच नर निघू लागतात, मागाहून माद्या आणि पिल्लं. फीडर ठेवला तर पक्षी अडकून पडतील अशी भीती तिकडे पुष्कळांना वाटते, ती निराधार आहे. दिवस लहान होऊ लागले की तो निघतोच. म्हणून ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सरेपर्यंत फीडर भरलेला राहू द्या. उत्तरेकडून येणाऱ्या मागच्या वाटसरूंना तो उपयोगी पडतो.