आधी वाचन, मग उपदेश

परिषदेच्या अध्यक्षानं वर्षाच्या कामाचा आढावा घ्यावा असा आपला प्रघात आहे. अहवाल छापून तुमच्या हातात आलेला आहे. शाळा, वसतिगृहं, दुरुस्त्या, प्रकाशनं, सगळं त्यात आहे आणि कामं चांगली झाली आहेत. त्यामुळे आढावा इथेच संपवतो. कित्येक वर्षं मनात साठलेली एक गोष्ट आज बोलायची आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये पवित्र शास्त्र वाचलं जात नाही.

रविवारची उपासना आठवा. दीड-दोन तास चालते. चार-पाच गीतं होतात. सूचना होतात: कोणाचं लग्न ठरलं, कोणाच्या घरी प्रार्थनासभा आहे, छपराच्या वर्गणीत किती जमले. पाहुणे आले असतील तर शाल आणि गुच्छ. चाळीस मिनिटं उपदेश. आणि शास्त्रपाठ? सहा-सात वचनं. तीही कोणी वाचायची हे उपासना सुरू होताना ठरतं. पंच दारातच एखाद्या मुलाच्या हातात चिठ्ठी देतात. तो वेदीजवळ जाऊन पानं चाळतो, पहिलं शमुवेल की दुसरं हे मागे वळून विचारतो, अडखळत वाचतो आणि खाली उतरतो. गायकवृंद आठवडाभर तालीम करतो. वाचणाऱ्यानं घरी एकदा तरी वाचून यावं, असं आपण कधी कोणाला सांगितलं आहे का?

पूर्वी असं नव्हतं. इ. स. १५० च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर यानं ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहून ठेवलं. त्यात क्रम स्पष्ट आहे. शहरातले आणि खेड्यातले सगळे एकत्र येत, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, आणि वेळ असेल तोवर वाचले जात. वाचणारा थांबला की मगच अध्यक्ष बोधाचे चार शब्द बोलत असे. आपण हा क्रम उलटा केला. आता उपदेश वेळ असेल तोवर चालतो आणि वाचन त्याला टेकू म्हणून उरलं आहे. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय काढून पाहा. एज्रा शास्त्री पाणीवेशीपुढच्या चौकात पहाटेपासून मध्यान्हापर्यंत वाचत होता, आणि बाया, बाप्ये, समजण्याइतकी मोठी मुलं उभं राहून ऐकत होती. पौलानं थेस्सलनीकाकरांना शपथ घातली की हे पत्र सर्व बांधवांना वाचून दाखवा. ते पत्र एका बैठकीत, सगळ्यांनी मिळून ऐकण्यासाठी लिहिलं गेलं. आपण त्याची एकेक ओळ सुटी करून कॅलेंडरच्या पानावर छापली, आणि आता रोज सकाळी फुलांच्या चित्रावर चिकटवून ती मोबाइलवर पुढे पाठवतो. वचन पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ते वाचन नव्हे.

नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशानं नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले तेव्हा डोंगरावरचं प्रवचन संपेपर्यंत त्यांना पुस्तक खाली ठेवता आलं नाही. ते तीन अध्याय सलग वाचले. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रवाशानं त्यांच्या हातात एका वचनाचं चिटोरं दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

आपल्या चर्चासत्रांत दरवर्षी तेच वाद होतात. जुनं भाषांतर की नवं, पुस्तक की मोबाइल, आणि लोकांना वेळच कुठे आहे. तिन्हींचं उत्तर मला शेतात मिळालं.

आमच्या भागातली बरीच ख्रिस्ती कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पाच-सहा महिने मंडळी निम्मी रिकामी असते. मी पाळक असताना कारखान्याच्या परिसरात टोळ्यांच्या कोपींवर जात असे. एका रात्री उपदेश करण्याचं त्राण माझ्यात नव्हतं आणि ऐकण्याचं त्यांच्यात. पहाटे तीनला उठून गाडी भरलेली माणसं ती. मी म्हटलं, फक्त वाचतो. रूथचं पुस्तक काढलं, चारच अध्याय आहेत. वाचायला टोळीतल्या सातवीतल्या मुलीला बसवलं, कारण तिचा आवाज खणखणीत होता. कंदील मी धरला. दुसऱ्या अध्यायात बवाज रूथला सांगतो, दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या गड्यांना मी बजावलं आहे की तुला कोणी त्रास द्यायचा नाही, आणि तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतलं पाणी पी. चुलीजवळ बसलेली एक बाई एकदम म्हणाली, "थांब गं. ते पाण्याचं परत वाच." मुलीनं परत वाचलं. मग बाई इतर बायांना म्हणाली, "परदेशीण होती ना ती? आणि त्यांच्याच भांड्यातलं पी म्हणाला?" कोणी काही बोललं नाही. त्या बायांच्या आज्यांना गावच्या विहिरीवर पाणी मिळालेलं नव्हतं. शेतात बाईच्या अंगावर कोणी हात टाकू नये म्हणून मालक आधीच ताकीद देतो, याचा अर्थही त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रूथवर मी किती उपदेश केले होते! निष्ठा, सासू-सून, दाविदाची वंशावळ, सगळं सांगून झालं होतं. ते पाणी माझ्या एकाही उपदेशात आलं नव्हतं. ते वाचनातच सापडलं. चारही अध्याय संपायला पाऊण तासही लागला नाही, आणि पहाटे तीनला उठायचं असूनही मधून कोणी उठलं नाही.

तेव्हा लोकांना वेळ नाही, हे मला कोणी सांगू नये. भाषांतर कोणतं होतं हे त्या रात्री कोणी विचारलं नाही, आणि कंदिलाच्या जागी मोबाइलचा उजेड असता तरी काही बिघडलं नसतं.

आपल्या शेजाऱ्यांकडे पाहा. गावोगावी सप्ताह बसतो. सात दिवसांत अख्ख्या ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. वाचक पहाटे अंघोळ करून व्यासपीठासमोर ओळीनं बसतात, गाव ऐकतो. याच मातीतल्या माणसांना सलग ऐकायची सवय कोणी नव्यानं लावायची गरज नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे ओळखलं होतं. १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्यांचं, ते लोकांनी एकत्र बसून ऐकावं म्हणूनच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं, ते खेड्यातल्या बाईला ऐकून कळावं याच ध्यासानं. केडगावच्या मुक्तिसदनात मुलींनी स्वतः खिळे जुळवून ते छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी भाषांतराचं काम हातावेगळं झालं होतं. आयुष्याची शेवटची वर्षं ज्या पुस्तकासाठी खर्ची पडली, त्याला आपण रविवारी तीन मिनिटं देतो.

माझ्या लहानपणी घरोघरी संध्याकाळची उपासना असे. वडील एक पूर्ण अध्याय वाचत, राजांच्या नावांसकट. आईला अक्षरओळख नव्हती, पण वडिलांनी एखादं नाव गाळलं तर ती चुलीजवळून ते नाव सांगत असे. ती घरं आता राहिली नाहीत. ज्या वेळी ती उपासना होई त्या वेळी आता घरात मालिका लागलेली असते, क्लासवरून मुलं यायची असतात. घरातलं वाचन पुन्हा सुरू होईल तर ते मंडळीतून सुरू होईल, असं माझं मत आहे. कानाला सवय लागल्याशिवाय कोणी घरी पुस्तक उघडणार नाही.

हिशेबही सोपा आहे. बायबलचे आपण वाचतो ते ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षात पूर्ण होतात. नव्या वर्षाला उत्साहानं उत्पत्तीपासून सुरुवात करून लेवीयाशी थांबलेले पुष्कळ जण इथे बसले असतील. त्यांनी मार्कापासून सुरुवात करावी. मोठ्यानं वाचलं तरी ते शुभवर्तमान दीड-दोन तासांत संपतं. आपली एक उपासना तेवढीच असते.

काय करायचं याचा तपशील मी आज देऊ शकणार नाही. वाचकांचं प्रशिक्षण हवं, त्यासाठी कोणीतरी पुस्तिका तयार करावी. प्रत्येक मंडळीत वाचकांची यादी असावी आणि त्यांना पाठ आठ दिवस आधी मिळावा. उपवासकाळात एका रविवारी उपदेश बाजूला ठेवून एक शुभवर्तमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावं. हे कसं जमवायचं ते कार्यकारिणीनं बसून ठरवावं, मी बैठकीला येईन. पाळकबंधूंना हे रुचणार नाही, मला ठाऊक आहे. चाळीस मिनिटं हातातून सुटणं सोपं नसतं. तरीही मागतो आहे, आणि खुर्चीतून मागतो आहे: पुढच्या परिषदेपर्यंत प्रत्येक मंडळीच्या उपासनेत उपदेशाआधी किमान एक पूर्ण अध्याय वाचला जावा. ठराव मी मांडला. अनुमोदन पाळकांपैकी कोणीतरी उभं राहून द्यावं.