दुकानाचा उंबरठा आणि सदसद्विवेक



नानाखेड्याच्या बसस्थानकावर सकाळी उतरणारा प्रवासी प्रथम देवळाकडे वळत नाही, तो चहाच्या टपरीकडे वळतो. इंदूरहून, देवासहून किंवा थेट महाराष्ट्रातून आलेला हा यात्रेकरू महाकाळाच्या दर्शनापूर्वी अनोळखी माणसाच्या हातचा चहा घेतो, पोहे खातो, रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस करतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात ज्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्या मंदिराभोवतीचे हे नगर भक्तीवर जगते, असे म्हणतात. ते खरेच आहे. पण व्यवहारात ते जगते दुकानांवर.

म्हणूनच २०२४ च्या जुलै महिन्यात श्रावणाच्या तोंडावर दुकानांच्या पाट्यांचा प्रश्न निघाला, तेव्हा उत्तर प्रदेश व उत्तराखंड यांच्याबरोबर उज्जैनचेही नाव वृत्तपत्रांत झळकले. कावडयात्रेच्या मार्गावरील खाद्यपदार्थ विक्रेत्यांनी मालकाचे नाव ठळकपणे लावावे, असा तो आग्रह होता. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलै २०२४ रोजी अंतरिम आदेश देऊन सांगितले, की दुकानात कोणते अन्न मिळते ते लिहावे. मालकाचे व नोकरांचे नाव लिहिण्याची सक्ती नको. मध्य प्रदेश शासनाने तर उज्जैनमध्ये असा आदेश निघालाच नसल्याचे न्यायालयात निवेदन केले. त्या वादाचे राजकारण येथे बाजूस ठेवू. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र जुना आहे. व्यवहार करणाऱ्याच्या धर्मभावनेला बाजारात किती जागा द्यावयाची, हा तो प्रश्न. आणि मराठी मुलखाने त्याची किंमत फार पूर्वीच मोजलेली आहे.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्याहून काही मुले कोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. अंगावर नीटनेटके कपडे, जवळ पैसे. नेण्यास कोणी आले नव्हते, म्हणून बैलगाडी पाहू लागली. मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर स्टेशनमास्तरच्या मध्यस्थीने तोडगा निघाला: भाडे दुप्पट, गाडी मुलांनी हाकावयाची आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावयाचे. त्या मुलांतील एक भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या आठवणींच्या टिपणात सविस्तर लिहून ठेवला आहे. शिदोरी बरोबर असूनही वाटेत प्यावयास पाणी मिळाले नाही, म्हणून मुले रात्री उपाशी झोपली. साताऱ्यात न्हावी होते, पैसेही देता आले असते. तरी घराच्या ओट्यावर भावांचे केस थोरली बहीणच कापी, हेही त्याच टिपणात आहे.

त्या गाडीवानाला ढोंगी म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो ढोंगी नसावा. विटाळाची त्याची समजूत त्याच्या परीने धार्मिकच होती. ती त्याने आईच्या दुधाबरोबर घेतली होती. परंतु दुपटीच्या भाड्याला विटाळ झाला नाही, गाडीच्या फळ्यांना झाला नाही, बैलांनाही झाला नाही; तो होणार होता केवळ शेजारी बसण्याने. समतेच्या एका क्षणाला तो घाबरत होता, एवढाच निष्कर्ष यातून निघतो.

अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ मध्ये, चाळीसगावला हेच नाट्य पुन्हा घडले. तोवर ती मुले मोठी झाली होती आणि भीमराव बॅरिस्टर होऊन मुंबई विधिमंडळाचे सभासद झाले होते. वस्तीवरील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. टांगेवाले मात्र न्यावयास राजी होईनात. पाहुण्याला पायी नेणे वस्तीला कमीपणाचे वाटले. पुन्हा तोडगा निघाला: टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. वस्तीतलाच एक मनुष्य पुढे झाला. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. नदीवरील मोरीपाशी चाक अडकले, घोडा व टांगा खाली गेले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. एका टांगेवाल्याने आपली प्रतिष्ठा जपली. तिचा हिशेब दुसऱ्याच्या हाडाने चुकता झाला. धर्मबुद्धीला सवलत द्या असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब नजरेआड करू नये.

या अनुभवाचा मनुष्य घटना लिहावयास बसला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे घटनेच्या अनुच्छेद १५ (२) मधील ‘दुकाने’ या साध्या शब्दाचे वजन कळते. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथे मज्जाव होणार नाही, असे तो अनुच्छेद सांगतो. मूलभूत हक्क सामान्यतः शासनाविरुद्ध असतात. हा हक्क शेजाऱ्याविरुद्धही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ‘दुकान’ म्हणजे काय, अशी पृच्छा झाली, तेव्हा आंबेडकरांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे. जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो, तो त्यात आला. मसूरचा गाडीवान आला, साताऱ्याचा न्हावी आला, चाळीसगावचा टांगेवालाही आला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शिक्षणसंस्थांच्या संदर्भात या शब्दाचा असाच विस्तृत अर्थ लावला.

मग सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचे काय? ते अनुच्छेद २५ मध्ये आहेच. पण त्याचा आरंभ वाचताना पुष्कळजण घाई करतात. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या जोडीला ‘या भागातील इतर उपबंधांच्या अधीन’ अशी अट तेथे आहे. आणि दुकानाचा व अस्पृश्यतानिवारणाचा अनुच्छेद याच भागात आहेत. १९५५ च्या कायद्याने, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, अस्पृश्यतेच्या कारणावरून दुकानात मज्जाव करणे व माल वा सेवा नाकारणे हे गुन्हे ठरविले. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय प्रथम गृहीत धरते. कारण मनातले असते आणि मनातले सिद्ध करणे दुबळ्याला जमत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

अमेरिकेतही एका उपाहारगृहाच्या मालकाने कृष्णवर्णीयांना बसवून वाढणे आपल्या धर्माविरुद्ध असल्याचे सांगितले होते. १९६८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव उडवून लावला. याउलट बेलफास्टच्या एका बेकरीने समलिंगी विवाहाचे समर्थन करणारे वाक्य केकवर लिहिण्यास नकार दिला, तेव्हा २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरीचा पक्ष उचलून धरला. आक्षेप गिऱ्हाइकाला नव्हता, मजकुराला होता, असे त्याचे कारण. हा भेद उपयोगी आहे. कीर्तनकाराकडून परधर्माची स्तुती वदवून घेता येत नाही. शाकाहारी खानावळवाल्याने मटण शिजविलेच पाहिजे असेही कोणी म्हणणार नाही. पण जे शिजले आहे, ते पैसे देणाऱ्या कोणासही वाढलेच पाहिजे.

आपला कायदा जेथे लंगडा पडतो, ती जागा घराची. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेने परधर्मीयाला घर विकू न देण्याचा आपला उपविधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविला व २००५ मध्ये तो ग्राह्य ठरला. छोट्या समाजाची एकत्र राहण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु तोच न्याय प्रत्येक वसाहतीने लावला, तर शहराचे काय उरेल? आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यातील पारशी वसतिगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. दोन मित्रांनीही आसरा दिला नाही. नोकरी सोडून ते मुंबईस परतले.

आता गिऱ्हाइकाविषयी. दुकानदारावर कायदा चालतो, गिऱ्हाइकावर चालत नाही. उपवासाच्या दिवशी कोणाच्या हातचे खावे, हे ठरविण्यास यात्रेकरू मोकळा आहे. ती मोकळीक काढून घेणे कोणत्याही शासनाला शोभणार नाही. मात्र त्याच्या सोयीसाठी शासनानेच विक्रेत्याच्या कपाळावर त्याचे कुळ लिहावे, ही निराळी गोष्ट झाली.

मग गिऱ्हाइकाचा बहिष्कार मोडावा कसा? कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांना राजवाड्याच्या पागेत पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास उत्तेजन दिले. त्यांनी चहाचे हॉटेल थाटले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. स्वच्छता उत्तम, चहा उत्तम. पण महाराच्या हातचा चहा प्यावयास कोण येणार? महाराजांजवळ हुकूम होते. १९१९ मध्ये सार्वजनिक जागांतील अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी ते काढलेही. पण चहा पिण्याचा हुकूम काढता येत नाही, हे त्यांना उमजले होते. त्यांचा खडखडा फेरफटक्याला निघे तो त्या हॉटेलापुढे येऊन थांबे. महाराज गंगारामांना हाक मारून चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींच्या हातीही एकेक कप देववीत.