झडप नवी, कॅल्शियम जुने

हृदयातून महाधमनीत रक्त जाते, त्या दाराशी बहुतेकांना तीन पाकळ्यांची झडप असते. उतारवयात तिच्यावर कॅल्शियम साचते, ती कडक होते आणि दार पुरते उघडत नाही. छाती उघडून शस्त्रक्रिया करताना सर्जन जुनी झडप कॅल्शियमसह कापून काढतात आणि नवी शिवतात. फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिये यांनी २००२ साली प्रथम केलेल्या कॅथेटरच्या उपचारात मात्र नवी झडप जुनीच्या आतच उघडली जाते. कॅल्शियम तिथेच राहते.

या झडपेला टाके नसतात. कडक झालेल्या जुन्या झडपेचाच तिला आधार मिळतो. पण कॅल्शियमची गाठ एकाच बाजूला असेल, तर ओबडधोबड भिंतीत बसवलेल्या चौकटीसारखी कडेला फट राहते आणि त्यातून रक्त मागे हृदयात गळते. गळती थोडी म्हणून सोडून देता येत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टनर’ अभ्यासात सौम्य गळतीचाही संबंध पुढील वाढत्या मृत्युदराशी आढळला.

फुगा पुन्हा फुगवून फट कमी करता येते. पण गाठ मोठी असल्यास त्या दाबाने भिंत फाटण्याचा धोका असतो. नव्या झडपांना बाहेरून झालर असते. तिने गळती घटली, संपली नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन करतात. घरातील वडीलधाऱ्यांसाठी निर्णय घेताना डॉक्टरांना जरूर विचारा : कॅल्शियम किती आहे, आणि नेमके कुठे आहे?