ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि कार्डाचा वेग



चितेगावातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्याचे आपल्या मंडळाने ठरविले आहे. रेकॉर्डरसाठी मेमरी कार्ड कोणते घ्यावे, यावर चार शब्द बोलण्यास मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे; पण हा हिशेब घरखर्चासारखाच आहे.

कार्डावर इंग्रजी सी अक्षराच्या पोटात आकडा असतो. ४ असेल तर सेकंदाला निदान ४० लाख बाइट लिहिले जातात, १० असेल तर १ कोटी. वेष्टनावर ठळक छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. त्याला भुलू नये.

आता आवाजाला लागते किती? सीडीच्या प्रतीचा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. म्हणजे चाराचे कार्डसुद्धा गरजेच्या बावीसपट वेगवान झाले! जात्यात वैरण मूठभरच पडत असेल, तर जाते दुप्पट जोराने फिरवून पीठ काही जास्त पडत नाही. महागडी वेगवान कार्डे चित्रीकरणाला हवीत.

फरक पडतो तो नंतर, दुसऱ्या कार्डावर नक्कल करताना. दोन तासांच्या ओव्या म्हणजे सुमारे १२७ कोटी बाइट. त्या उतरायला चाळीस लाखांच्या वेगाने पाच मिनिटे, कोटीच्या वेगाने दोन. तीन मिनिटांत चहासुद्धा होत नाही. तेव्हा साधे पण अस्सल कार्ड घ्यावे आणि उरल्या पैशांत दुसरे, नकलेसाठी. बनावट कार्ड जागा मोठी दाखवते आणि भरले की आधीच्या आवाजावर पुढचा लिहिते. म्हणून पावती मागूनच घ्यावे.

परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ साली मुद्रित झाला, म्हणून तो आज ऐकता येतो. गी प्वातवाँ, हेमा राईरकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आवाज मात्र त्यांतल्या थोड्यांचाच मिळाला. बाकीच्यांची चाल आता कोणाला विचारावी?

ज्यांच्या घरी सासूबाई, आजेसासूबाई ओव्या म्हणतात त्यांनी आजच नावे द्यावीत. आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी पंखा बंद ठेवावा; त्याच्या घरघरीवर कोणत्याही कार्डाचा इलाज नाही.