राजकारण विहाराबाहेर ठेवता येते काय?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



महाकारुणिक भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही विद्वान नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण गिरणीच्या रिंग खात्यात आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

समितीने आम्हाला 'विहाराची वाटचाल' हा विषय दिला होता. पण ती वाटचाल अहवालात छापलेली आहे, ती घरी जाऊन वाचावी. आम्ही आज बोलणार आहोत एका फलकाबद्दल. आपण चपला काढतो तिथं डाव्या हाताला तो लावलेला आहे. 'विहारात राजकारणावर चर्चा करू नये.' हा फलक लावा म्हणून अर्ज गेला, त्यावर सह्या होत्या. त्यातली पहिली सही आमची होती. आज तो काढा म्हणायलाही आम्हीच उभे आहोत. म्हणून आधी कबुली देतो.

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला. त्यानंतरच्या रविवारी वंदना झाली, खीर वाटली आणि बोलणं सुरू झालं. एक तरुण म्हणाला, "आपण संविधानासाठी मत दिलं, मोठ्या आघाडीला दिलं, म्हणून फरक पडला." दुसरा म्हणाला, "किती दिवस दुसऱ्याच्या दारात मतं टाकणार? आपला पक्ष, आपलं निशाण कधी उभं राहणार?" मग आमचे एक जुने सोबती म्हणाले, "मी सत्तेवर होते त्यांनाच मत दिलं. मला त्यांच्या योजनेचा फायदा झाला. लपवू कशाला?"

एवढं ऐकलं आणि आमचा तोल गेला. तीस वर्षांची ओळख, एका चाळीत वाढलेलो. त्या माणसाला आम्ही बुद्धमूर्तीसमोर म्हणालो, "तुम्ही विकले गेलात." ते काही बोलले नाहीत. टोपी उचलली आणि निघून गेले. पुढे त्यांच्या घरातलं कोणी विहारात आलं नाही. नातीच्या नामकरणाला त्यांनी दुसरीकडे हॉल घेतला. आणि आम्ही काय केलं? माफी मागायची सोडून फलकाच्या अर्जावर सही केली! म्हणजे भांडण आम्ही केलं आणि तोंड सगळ्यांचं बंद केलं.

बंधूंनो, राजकारण दाराबाहेर ठेवा म्हणणं सोपं आहे. पण ते आपल्या घरात विचारून येत नाही. आमच्याच घरातलं सांगतो.

आमच्या वडिलांनी डिसेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी दादर चौपाटीवर धम्मदीक्षा घेतली. धाकटे चुलते तेव्हा शाळेत होते. वडिलांनी शाळेत जाऊन त्यांच्या नावापुढे 'बौद्ध' लिहून घेतलं. चुलते १९६४ साली मॅट्रिक झाले, केंद्र सरकारच्या एका खात्यात अर्ज केला. तिथं सांगितलं, राखीव जागा तुम्हाला नाही. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत फक्त हिंदू धरले जात होते. १९५६ मध्ये त्यात शीख आले, पण बौद्ध नव्हते. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण त्या राज्यापुरत्या. दिल्लीच्या नोकरीचं दार बंद. राज्याच्या नोकरीत चुलत्यांचा नंबर लागला नाही. शेवटी ते गिरणीत बदली कामगार म्हणून लागले.

त्या काळात घरोघरी हेच भांडण होतं. एक म्हणे, "कागदावर जुनं लिहा, मनात बौद्ध राहा, पोरांची पोटं भरू द्या." दुसरा म्हणे, "ज्यासाठी बाबासाहेबांनी एवढं केलं, ते एका दाखल्यासाठी सोडायचं?" आमच्या खोलीत दोघे भाऊ भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. वडील संपात पक्के. संप लांबला. आईची जोडवी गेली, तांब्याचा हंडा गेला, आमची नववीतली शाळा गेली. चुलत्यांचं मूल आजारी पडलं आणि एके दिवशी ते पहाटेच्या अंधारात पोलिसांच्या गाडीतून कामावर गेले. वडिलांनी त्यांना 'फितूर' म्हटलं. तेव्हा चुलते जे बोलले ते आम्ही पोटमाळ्यावरून ऐकलं. "दादा, चौसष्ट साली तुमच्या तत्त्वापायी माझी नोकरी गेली. आता माझं मूलही घालवू काय?"

एका खोलीत दोन चुली झाल्या. पुढे वडिलांना कामावर परत घेतलं नाही, आणि चुलत्यांची गिरणीही काही वर्षांनी बंद पडलीच. दोघेही हरले, पण वेगवेगळे हरले.

१९९० साली व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातीत बौद्धांचा समावेश झाला. चुलते म्हणाले, "सव्वीस वर्षं उशीर झाला." पण त्यांच्याच मुलीला त्या दुरुस्तीमुळे केंद्राच्या नोकरीत जागा मिळाली आणि तिच्या दाखल्यावर 'बौद्ध' हाच शब्द होता. आता सांगा, बरोबर कोण? वडील की चुलते? आम्ही पुष्कळ विचार केला. वडिलांसारखी माणसं अडून बसली म्हणून मागणी जिवंत राहिली. आणि चुलत्यांसारख्यांनी काय सोसलं ते सांगितलं म्हणून त्या मागणीची गरज कळली. दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर निदान एक चूल वाचली असती.

आजही तेच आहे. रेशनच्या रांगेत एक मावशी म्हणतात, "सरकार माणशी पाच किलो फुकट देतंय, मीठ खाल्लंय त्याला जागायला नको?" दुसऱ्या म्हणतात, "पोराला पक्की नोकरी दिली असती तर फुकटचं कशाला लागलं असतं?" दोघींचंही ऐकण्यासारखं आहे. पण दोघींना एक गोष्ट कोणी सांगत नाही. माणशी पाच किलो हा २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे. आधी गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला. कायदा एका सरकारने केला, मोफत दुसऱ्याने केलं, आणि पैसा साबणाच्या वडीवरही कर भरणाऱ्या तुमच्या-आमच्या खिशातला. मग मीठ कोणी कोणाचं खाल्लं?

दुसरा विषय जातीच्या रकान्याचा. ३० एप्रिल २०२५ ला केंद्र सरकारने जाहीर केलं की येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार. तेव्हापासून वस्तीत दोन तट पडले. तरुण म्हणतात, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग जात कशाला लिहायची?" वडीलधारे म्हणतात, "लिहिली नाही तर पोरांच्या सवलती जातील." २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहूनही अनुसूचित जातीची नोंद करता येते, १९९० च्या दुरुस्तीचा अर्थच तो आहे. एवढी माहिती दोन्ही बाजूंनी घेतली तर अर्धं भांडण मिटेल. उरलेलं अर्धं तत्त्वाचं आहे, ते राहू द्यावं.

१ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने सांगितलं की राज्यांना अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येईल. त्यावर आपण भराभर मतं दिली. पण पलीकडच्या गल्लीतल्या मातंग बांधवांना आपण चहाला बोलावून विचारलं काय, की बाबा, तुमच्या पोरांचं काय चाललंय? नाही विचारलं. आम्हीही नाही.

आता कोणी म्हणेल, विहार हे धम्माचं ठिकाण, इथं वाद कशाला? त्यांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडावा. बाबासाहेबांनी सिद्धार्थाचा गृहत्याग कशावरून सांगितला आहे? रोहिणी नदीच्या पाण्यावरून. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्याचा तंटा झाला, सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने संघात उभं राहून विरोध केला, दोन्हीकडची माणसं नेमून निवाडा करा असं सुचवलं. त्याचा ठराव पडला. म्हणजे आपले भगवान एकदा सभेत अल्पमतात होते! आणि त्यांना बहिष्काराची भीती घालण्यात आली होती. मग मतभेदावरून एखाद्याचं येणं बंद करणं, हे आपण कोणाच्या बाजूने उभं राहणं झालं?

पुढे त्यांनी जो भिक्खुसंघ उभा केला त्यात ठराव मांडायचे नियम होते, शलाका देऊन मतं मोजण्याची पद्धत होती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी याचीच आठवण दिली. लोकशाही या देशाला परकी नाही, संघात ती नांदत होती, असं त्यांनी सांगितलं. आणि त्याच भाषणात राजकारणातल्या भक्तीपासून सावध केलं. तेव्हा पुढारी आपला असो की परका, त्याच्या पायाशी बुद्धी ठेवायची नाही.

बाबासाहेबांचं स्वतःचं वागणं पाहा. गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्याला काम देत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात त्यांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांना तोंडावर विचारला. मतभेद कडक होते. तरी औद्योगिक कलह विधेयक आलं तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात ते कॉम्रेड डांग्यांच्या बरोबर उभे राहिले. मतभेद सोडले नाहीत आणि कामगारालाही सोडलं नाही. आपण काय केलं? १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, पुढे गट किती झाले ते मोजणंही सोडलं. १९९८ साली एकत्र लढलो तर चार खासदार लोकसभेत गेले, नंतर पुन्हा फुटलो. पुढाऱ्यांना नावं ठेवतो, पण एका विहारात वीस माणसं आपल्याला सांभाळता येत नाहीत.

आता शेवटचं. विहाराचं पावती पुस्तक आमच्याकडे असतं. त्या जूनपासून दर महिन्याला एक लहान मुलगा पन्नास रुपये आणून द्यायचा आणि म्हणायचा, "नाव नको, एक उपासक लिहा." आम्ही लिहीत राहिलो. तो मुलगा कोणाचा नातू, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. कळूनही आम्ही वर्षभर गेलो नाही, इतका आमचा अहंकार.

गेल्या पंधरवड्यात गेलो. माफी मागितली. वहिनींनी चहा केला. तेव्हा कळलं, वहिनींची शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य योजनेतून झाली होती, नाहीतर खोली विकावी लागली असती. हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आमची गिरणी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही, मुलगा अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे, म्हणून आमचा राग आहे. हे त्यांनीही विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "माझं मत मी बदलणार नाही." आम्ही म्हणालो, "माझंही तेच." मग दोघे हसलो. आज ते इथं आले आहेत. कुठं बसलेत ते सांगत नाही.

म्हणून समितीला आमची नम्र सूचना आहे. फलक काढावा. महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर दीड तास चर्चा ठेवावी. विषय एक, आणि त्याचा कायदा किंवा सरकारी आदेश आधी वाचून दाखवावा. बोलणाऱ्याने पक्षाचं नाव घेण्याआधी सांगावं की या गोष्टीने माझ्या घरात काय झालं. आधी भगिनींनी बोलावं, कारण रेशन आणि दवाखान्याची रांग त्यांच्या वाट्याची. 'विकला गेला', 'फितूर' हे शब्द इथं कोणी उच्चारू नयेत. विहाराच्या नावाने कोणालाही मत द्या म्हणू नये, पक्षाचा झेंडा आत आणू नये. आणि वज्जींना भगवंतांनी सांगितलं तसं, एकत्र जमावं आणि एकत्रच उठावं. मध्येच उठून कोणी गेला तर दुसऱ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावं.

रिंग खात्यात धागा तुटला की साचा बंद करत नाहीत, चालत्या साच्यावर तो सांधतात. हात पोळतो, पण सूत निघत राहतं. आम्ही तीस वर्षं तेच काम केलं आणि विहारात येऊन विसरलो. तुम्ही विसरू नका.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!