वाताचं दुखणं आणि रक्ताचा रिपोर्ट
(मुकुटबन येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, जिनिंगमधला कामगार आहे. पण घरात जे भोगलं आणि मग वाचून, विचारून जे समजलं, ते आज सांगतो.

माझ्या पत्नीची बोटं सकाळी आखडायची. तासभर भाकरी थापता येत नसे. रक्त तपासलं. 'आर.ए. फॅक्टर निगेटिव्ह' असं कागदावर आलं. आम्ही म्हटलं, चला, सुटलो! दोन वर्षं तेल चोळत बसलो. तोवर बोटं वाकडी झाली. पुढे 'अँटी-सीसीपी' तपासणी पॉझिटिव्ह निघाली. आमवातच होता.

चूक कुठे झाली? आमवाताच्या १०० रोग्यांपैकी २० ते ३० जणांच्या रक्तात आर.ए. फॅक्टर सापडतच नाही. उलट क्षयरोग, कुष्ठरोग, यकृताचा जुना आजार किंवा नुसतं म्हातारपण असलं, तरी तो सापडू शकतो. म्हणून पॉझिटिव्ह आला की घाबरू नका आणि निगेटिव्ह आला की निर्धास्त होऊ नका. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल तर आमवाताची शक्यता बरीच पक्की होते. निगेटिव्ह असली तरी आमवात नाहीच, असं म्हणता येत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी पाहणी सुरू केली. दर हजार प्रौढांत सुमारे १८० जणांना सांध्यांचं किंवा अंगाचं दुखणं होतं; आमवात मात्र पाचेक जणांनाच. म्हणजे प्रत्येक दुखणं आमवात नसतं.

'ईएसआर' अंगातली सूज दाखवतो, तिचं कारण सांगत नाही. अंगात रक्त कमी असलं तरी तो वाढतो. आपल्या विदर्भात, आपल्या समाजात सिकलसेल आहे. त्यातही हाडं-सांधे दुखतात, पण विळ्यासारख्या पेशी एकमेकींवर रचल्या जात नाहीत, म्हणून ईएसआर बहुधा कमीच येतो. सिकलसेलची तपासणी वेगळी असते, ती करून घ्या.

आता ध्यानात ठेवायचं एवढंच. दोन्ही हातांची लहान सांधी सुजली, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहिला आणि असे सहा आठवडे गेले, तर कागद काहीही म्हणो, यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामला जा. सगळे जुने रिपोर्ट सोबत न्या. डॉक्टरांना नुसता कागद नका देऊ. हात पुढे करा, 'बोटं दाबून पाहा' म्हणा. औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात.

आमच्या घरची दोन वर्षं गेली, ती परत येत नाहीत. तुमच्या घरची जाऊ देऊ नका.

जयभीम!